गालधरी बाई

डॉक्टर बाईंनी माझे गाल धरले तेव्हा मी वनरक्षकाच्या खाकी वर्दीत होतो, पन्नाशीला टेकलो होतो आणि आलापल्लीतली निम्मी ओळखीची माणसं समोरच्या बाकांवर बसून बघत होती. आई गेल्यापासून माझ्या गालांना कुणी हात लावला नव्हता. बायकोचा तसा स्वभाव नाही. बाईंनी नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली, माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळव्यांनी गाल घट्ट दाबून धरले. "हलाचं नाई, बोलाचं नाई. घरी घेता तसा साधा श्वास घ्या." मशीन घरघरलं, तोंडातली हवा थरथरायला लागली आणि बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. मान न वळवता बाई म्हणाल्या, "जो हसला त्याचा नंबर आता."

हसणारा आमचा पानठेलेवाला बंडूभाऊ होता. तो नुसता गंमत बघायला आला होता. पण बाईंनी बोट दाखवलं की माणूस उठायचा, तसा तोही उठला आणि मुकाट्यानं गाल देऊन बसला.

त्या दिवसापासून आलापल्लीत त्यांचं नाव गालधरी बाई पडलं. पडलं म्हणजे बंडूभाऊनंच पाडलं. खरं नाव तपासणी शिबिराच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर असायचं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. बाई चंद्रपूरच्या. छातीच्या डॉक्टर. नोकरीतून मोकळ्या झाल्यावर घरी बसायचं सोडून महिन्यातून एका रविवारी एसटीनं आमच्याकडे यायच्या आणि समाजमंदिराच्या हॉलमध्ये दम्याची माणसं तपासायच्या. मशीन एका छोट्या, विटलेल्या रजईत गुंडाळून मांडीवर ठेवलेलं असे. एसटीत एकदा कुणीतरी बाळ समजून सरकून जागा दिली होती म्हणे, आणि बाईंनी ती बिनदिक्कत घेतली होती. बाई आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसलो तर सगळ्यात आधी त्यांचे ते थंडगार, खरखरीत तळवेच आठवतात.

गाल धरायचं कारण साधं होतं. मशीन तोंडातून आत थरथरती हवा सोडतं आणि छातीतल्या बारीक नळ्या किती आवळल्यात ते बघतं. गाल सैल राहिले तर ती हवा गालांतच नाचते आणि मशीन खोटं बोलतं. दुसऱ्या ठिकाणी म्हणे पेशंट स्वतःच स्वतःचे गाल धरतात. बाईंना ते मंजूर नव्हतं. "सोताचे गाल धरले का माणूस सोताचे लाड करते," असं त्या म्हणायच्या. मग जंगलखात्याचा गार्ड असो, ट्रकवाला असो की मोहफुलांची टोपली बाजूला ठेवून बसलेली गोंड म्हातारी असो, गाल बाईच धरणार. एकदा अशाच एका म्हातारीनं नळी तोंडातून काढून गोंडीत काहीतरी म्हटलं, तिच्या बाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाईंना गोंडी येत नव्हती, तरी त्याही हसल्या आणि गाल पुन्हा धरले.

दुसरं एक मशीन होतं, डब्यासारखं. त्यात सावकाश, लांब फुंकायचं. ते आतली सूज ओळखायचं. दमा म्हणजे छातीतली शिट्टी, एवढंच आम्हाला ठाऊक. बाई सांगायच्या की शिट्टी फार उशिरा वाजते. छातीच्या शेवटच्या, बारीक डहाळ्यांमध्ये सूज आधी चढते, आणि तेव्हा माणूस हिंडतो, फिरतो, जेवतो, त्याला काही पत्ता नसतो. दोन्ही मशिनी वाईट बोलल्या की बाई आवाज खाली आणून म्हणत, "पुढले काही दिवस सांभाळा. येऊ शकते." काय येऊ शकतं ते विचारायची गरज नसायची. ज्यानं एकदा दम्याचा अटॅक बघितलाय, त्याला ते सांगावं लागत नाही.

त्यांच्यापुढे बसल्यावर एक गोष्ट चुकूनही करायची नसे. 'मला बरं वाटतं' असं म्हणायचं नाही. म्हटलं की त्या भडकत. "कसं वाटते ते नोको सांगू मले. फुंक." शिकलेल्या मास्तरांनाही हेच, मलाही हेच. एकदा शिबिर उरकल्यावर चहा घेताना मी विचारलं, "बाई, डॉक्टर लोक तर आधी तेच विचारतात. तुम्हाला त्याचा एवढा राग काऊन येते?" बाईंनी बशीत ओतलेला चहा संपवला, मग त्या रजईवर हात ठेवला. त्यांचे वडील पिंजारी होते. चंद्रपूरला गादी-रजईचं दुकान होतं, दिवसभर कापूस पिंजायचा, घरभर बारीक तंतू उडत. वडील रात्रंदिवस खोकत. कुणी विचारलं की एकच उत्तर, "मैं ठीक हूँ." ज्या सकाळी गेले त्या सकाळीही त्यांनी चहा देणाऱ्या मुलीला हेच सांगितलं होतं. चहा देणारी मुलगी म्हणजे बाई. "गार्ड साहेब," बाई म्हणाल्या, "ते खोटं नव्हते बोलून राह्यले. त्याइले खरंच ठीक वाटत होतं. इतकी वर्सं तसाच श्वास घेतला, का ठीक काय असते तेच इसरले." ती रजई वडिलांनी शिवलेली शेवटची रजई होती.

बाई काही देवी नव्हत्या हेही सांगितलं पाहिजे. हट्टी होत्या, तापट होत्या आणि चुकायच्यासुद्धा. त्या पहिल्या दिवशी धरून तपासलेल्या बंडूभाऊचे दोन्ही मशिनींवरचे आकडे खराब निघाले होते. बाईंनी त्याला तंबी दिली: पंधरा दिवस धुरात जायचं नाही, तोंडात ओढायच्या औषधाचा पंप रोज घ्यायचा. बंडूभाऊ असा घाबरला की ठेला बंद करून घरी पांघरूण घेऊन बसला. पंप मात्र घेतला नाही, कारण त्याला वाटायचं पंपाची सवय लागते. आणि त्याला काहीसुद्धा झालं नाही. शिंकही आली नाही. मग महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला पान लावता लावता तो सांगायचा, "गालधरी बाईचं भविष्य फेल गेलं बरं का." बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मशीन धोका सांगते, तारीख नाई सांगत. वाचला तर वाचू द्या बापा, मले काय वाईट वाटणार आहे का?" पण त्यांना थोडं लागलं होतं हे मला दिसलं, कारण त्या दिवशी त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

जंगलातल्या आगीचं बाईंना फार कुतूहल. एकदा शिबिर लवकर आटोपलं तेव्हा मी त्यांना जवळच्या बीटात, म्हणजे माझ्या राखणीच्या जंगलपट्ट्यात, घेऊन गेलो. आदल्या दिवशी तिथला पाला जळाला होता आणि आम्ही हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवली होती. वरून सगळं काळं, थंड. बाई म्हणाल्या, "विझली ना?" मी राखेवर हाताची मागची बाजू टेकवत टेकवत पुढे गेलो आणि एका जागी थांबलो. काठीनं उकरलं तर खाली लाल निखारे धुमसत होते. आमच्या कामात हे शिकवावंच लागतं. राखेवर नजर टाकून निघून जाणाऱ्या गार्डाच्या बीटात दुसऱ्या दिवशी हमखास आग भडकते. बाईंनी वाकून स्वतःचा हात टेकवून पाहिला.  पुढच्या महिन्यापासून प्रत्येक पेशंटला त्या हेच सांगायला लागल्या की ही मशीन म्हणजे राखेवर ठेवलेला हात आहे. माझं नाव न घेता सांगायच्या, याचा मला राग यायचा. मग एकदा भर हॉलमध्ये म्हणाल्या, "हे मले गार्ड साहेबानं शिकवलं," आणि मी लाजेनं बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

माझी मुलगी प्रज्ञा. लहानपणापासून दमेकरी. तिच्या आईनं आणि मी तिला मांडीवर उभी धरून कितीतरी पहाटा काढल्या आहेत. मोठी झाल्यावर बाईंच्या रोजच्या पंपानं दमा बराच ताब्यात आला होता. पोरगी जिद्दी. बापासारखी वनरक्षक व्हायचं हे तिनं शाळेत असतानाच ठरवलं होतं. भरती निघाली, तिनं लेखी परीक्षा पार केली आणि धावण्याची चाचणी गडचिरोलीला, ऐन मार्चअखेरीस लागली. ती रोज पहाटे एटापल्लीच्या रस्त्यावर धावायला जायची. घरी येऊन घाम पुसत सांगायची, "बाबा, आज एकदाही दम नाही लागला." पोरीचा चेहरा असा फुललेला असायचा की आम्हालाही धाप न लागता धावल्यासारखं वाटायचं.

चाचणीच्या आधी बाईंचा रविवार आला. प्रज्ञाला यायचंच नव्हतं. मीच ओढून नेलं. नंबर यायच्या आधी ती हातपंपावर पाणी प्यायला जाते म्हणून बाहेर गेली आणि थोड्या वेळानं येऊन बसली. बाईंनी गाल धरले. मशीन घरघरलं. पडद्यावर बारीक नळ्या चांगल्या मोकळ्या दिसत होत्या. मी सुस्कारा सोडणार, तेवढ्यात बघितलं की बाईंचे हात गालावरून निघतच नाहीत. अंगठे तिच्या जबड्याखाली तसेच टेकलेले.

"निळा पंप मारून आली?"

"नाई."

"हात पुढे कर."

प्रज्ञानं हात पुढे केला. बोटं बारीक थरथरत होती.

"तुयी नाडी माह्या बोटाखाली उड्या मारून राह्यली, बेटा. तुले वाटलं मशीनले फसवते. फसवलं. आता दुसऱ्या मशीनीत फुंक."

दुसऱ्या डब्यात प्रज्ञानं फुंकलं. आकडा आला आणि बाईंनी तो पुन्हा एकदा फुंकायला लावून तपासला. आकडा तोच. दम लागल्यावर मारायच्या निळ्या पंपानं नळ्या घटकाभर उघडतात आणि नाडी, बोटं नाचायला लागतात, बाईंनी मला सांगितलं, पण सूज त्यानं हलत नाही. सूज चढलेली होती. बरीच.

"धावते कधी?" बाईंनी विचारलं.

"पहाटे."

"काऊन पहाटे?"

"तेव्हा हवा साफ राहते ना."

"कोन्या महिन्यात?"

 तेव्हा माझ्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या भागात मोहफुलं पडायला लागली की लोक झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात, म्हणजे पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. पाला संध्याकाळी पेटवतात, तो रात्रभर धुमसतो आणि पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा सगळा धूर रस्त्याच्या उंचीवर येऊन बसतो. हे विझवत फिरणं हीच माझी नोकरी. मोहाच्या दिवसांत माझी पोरगी त्याच धुरातून रोज छाती भरभरून श्वास घेत धावत होती, आणि घरात आम्ही तिघंही म्हणत होतो की सकाळची हवा चांगली.

"या बारी धावाचं नाई," बाई म्हणाल्या.

"बाई, मले काही होऊन नाई राह्यलं!"

"मी विचारलं काय तुले?"

"भरती परत कधी निघंन, मालूम आहे काय तुमाले? माह्यं वय निघून गेलं तर?"

"नाई मालूम."

"मंग?"

"तू राह्यली तर सरकारले विचारशीन."

 प्रज्ञा रडली नाही. उठली आणि चप्पल पायात न घालता हातात घेऊन चालती झाली. मी बाईंना विचारलं, "नक्की येणार काय अटॅक?" बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, रजईची घडी करत होत्या. "नक्की नाई सांगू शकत. मी का पंचांग आहे? पण माही पोरगी असती तर जाऊ नसती देली." मग औषधाचा कागद लिहून दिला: रोजचा पंप वाढवायचा, धावणं बंद, धुराकडच्या खिडक्या बंद. एसटीत बसताना त्यांनी खिडकीतून पुन्हा एकदा बजावलं की पोरगी रागात आहे, रागात पंप फेकून देईल, तेवढं बघा.

घरी जे झालं ते सगळं लिहीत नाही. प्रज्ञा बोलणं बंद करून बसली. आईनं ताट पुढे केलं की घ्यायची, पंप पुढे केला की घ्यायची, आणि भिंतीकडे तोंड. एकदाच बोलली ती मला: "बंडूकाकाचं काय झालं? काही झालं काय त्याइले?"  बायको रात्री मला म्हणायची पाठवू नका, सकाळी म्हणायची पाठवा, पोरीचं आयुष्य आहे. मी दिवसभर जंगलात आगी विझवायचो आणि घरी येऊन या आगीपुढे बसायचो.

चाचणीच्या सकाळी पहिल्या एसटीच्या वेळेआधी उठलो तर प्रज्ञा तयार होऊन पायरीवर बसली होती. बॅग शेजारी, बूट हातात. अंगणात धुराचा वास होता. मी दारात उभा राहिलो. नको जाऊ म्हणायला तोंड उघडलं आणि जा म्हणायलाही. दोन्ही शब्द बाहेर पडेनात. स्टँडवर एसटीनं हॉर्न दिला, घरापर्यंत ऐकू आला. तो दुसऱ्यांदा वाजला. मग गाडी गेली तोही आवाज ऐकू आला. प्रज्ञा बराच वेळ बूट हातात धरूनच बसली होती. आत जाताना म्हणाली, "तुम्ही नोको जाऊ म्हटलं असतं ना बाबा, तर मी गेली असती."

पुढचे दिवस मला अजून आठवतात. अटॅकची वाट बघण्यात गेले. पहाटे जाग आली की मी पडल्या पडल्या पलीकडच्या खोलीचा कानोसा घ्यायचो. शिट्टी वाजतेय का, खोकला येतोय का. काही नाही. पोरगी शांत श्वास घेत झोपलेली. शेजारच्या गल्लीतल्या मुलीची निवड झाली, तिची आई पेढे घेऊन घरी आली. पेढा हातात घेऊन माझी बायको ओट्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "एकदाचा येऊनच जाऊ दे म्हनाव तो अटॅक." म्हणाली आणि स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला. पण बोलली ते तिघांच्याही मनातलं होतं. अटॅक आला असता तर निदान आम्ही बरोबर ठरलो असतो. पोरीनं एवढं सोडलं ते कशासाठी, हे कुणाला दाखवता तरी आलं असतं.

अटॅक आला नाही. मोहाचा हंगाम सरला, धूर विरला आणि बाईंचा रविवार आला. या वेळी प्रज्ञा माझी वाट न बघता एकटीच पुढे गेली. मी पोचलो तेव्हा ती बाईंच्या टेबलासमोर उभी होती आणि सगळा हॉल ऐकत होता.

"नाई आला अटॅक. तुमची मशीन खोटी आहे. तुमी माही नोकरी खाल्ली."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. बाई हसायच्या क्वचित, आणि अशा तर कधीच नाही. अगदी लहान पोरीला बक्षीस मिळाल्यासारख्या. खुर्ची सोडून पुढे आल्या आणि मशीन नाही, चिमटा नाही, नळी नाही, तिचे गाल दोन्ही हातांत धरले.

"हो ना. नाई आला."

प्रज्ञानं त्यांचे हात झटकले आणि निघून गेली. बाई परत खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "आलेला अटॅक साऱ्याइले दिसते, गार्ड साहेब. न आलेला कोणाले दिसत नाई. तुमाले तरी समजलं पाहिजे." मला समजलं. न जळालेल्या जंगलासाठी आमच्याही गळ्यात कुणी कधी हार घातला नाही. पण बाईंचं म्हणणं पटलं म्हणून पोरीच्या चेहऱ्याकडे बघवत होतं असं नाही.

पुढची भरती निघायला फार दिवस लागले. या खेपेला चाचणी थंडीत होती. प्रज्ञा पंप नेमानं घेत होती, शिबिराला येत होती, गाल धरू देत होती, पण बाईंशी एक अक्षर बोलत नव्हती. चाचणीआधी बाईंनी दोन्ही मशिनी बघितल्या आणि फक्त म्हणाल्या, "धाव." ती धावली, निवडली गेली आणि एटापल्लीकडच्या एका बीटात रुजू झाली. वर्दी घालून पहिल्यांदा घरी आली तेव्हा बुद्धविहारात तिनं सगळ्यांना पेढे वाटले. बाईंना मीच नेऊन दिले. त्यांनी पेढा खाल्ला, बोटं चाटली आणि विचारलं, "बोलत नाई ना अजून माह्याशी?" मी नाही म्हटलं. "चालते," त्या म्हणाल्या. "श्वास घेऊन राह्यली ना? मंग चालते."

त्या बीटातल्या एका गावात प्रज्ञा मोहाच्या दिवसांत घरोघर जाते आणि पाला जाळू नका, झाडून बाजूला करा, खाली जुन्या साड्या अंथरा असं सांगते. एकदा मी बरोबर होतो. एक बाई तिला म्हणाली, "आमच्या इथी तर आगच लागत नाई, मंग तू दरसाल काऊन येतं?"  परतताना प्रज्ञानं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. मग मला म्हणाली, "बाबा, या रविवारी मीबी येते शिबिराले."

तो बाईंचा शेवटचा रविवार होता, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. वय झालं होतं, एसटीचा प्रवास झेपत नव्हता, मशीन आता गडचिरोलीच्या एका डॉक्टरकडे जाणार होतं. बाई वाळल्या होत्या. हॉलच्या दाराशी नुसत्या दोन पायऱ्या चढताना त्यांनी दाराची चौकट धरली, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. पेशंट संपले. बंडूभाऊ चहा घेऊन आला. आता तोही रोजचा पंप घ्यायचा, पण ते कबूल करायचा नाही. बाईंनी रजई उलगडली, मशीन त्यात ठेवायला घेतलं आणि थांबल्या.

"इतक्या जनाचे गाल धरले," त्या म्हणाल्या, "माहे कोणी नाई धरले."

प्रज्ञा बाकावरून उठली. हातपंपावर जाऊन हात धुऊन आली. बाईंना खुर्चीत बसवलं, नाकाला चिमटा लावला, नळी दिली, मागे उभी राहिली आणि त्यांचे गाल धरले, बाई धरायच्या तसेच, अंगठे जबड्याखाली. "हलाचं नाई, बोलाचं नाई," ती म्हणाली. बंडूभाऊ हसला नाही. मशीन घरघरलं आणि थांबलं. बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग हात पुढे करून तो बंद केला.

"काय आलं, बाई?" प्रज्ञानं विचारलं. कितीतरी वर्षांनी ती त्यांच्याशी बोलत होती.

"काही नाई गं. मैं ठीक हूँ, बेटा."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्या वाक्याचा अर्थ त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होता. पोरीला रजईची गोष्ट मी कधी सांगितलेली नव्हती. पण तिनं बाईंचे गाल सोडले नव्हते, आणि बोटांखाली तिला काय लागलं ते तीच जाणे.

"कसं वाटते ते नोको सांगू मले," प्रज्ञा म्हणाली. एका हातानं तिनं दुसरा डबा पुढे ओढला आणि नळी बाईंच्या ओठांशी धरली. "फुंका. हळू."

बाईंनी नळी हातात घेतली, डोळे मिटले आणि फुंकलं. श्वास लवकर तुटला. पुन्हा फुंकलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी प्रज्ञाच्या बोटांवरून खाली ओघळत होतं. या दुसऱ्या मशीनला गाल धरावे लागत नाहीत. प्रज्ञानं मोकळा झालेला हात पुन्हा त्यांच्या गालावर नेला आणि फुंकून होईपर्यंत दोन्ही गाल धरून ठेवले.